दादांचं नेटवर्क गेलं

ही गोष्ट मी आजवर चाळीस-पन्नास वेळा तरी सांगितली असेल, आणि खरी एकदाही सांगितलेली नाही. खोटी मात्र झकास सांगते. कुठे थांबायचं, कुठे लोक हसतात, कुठे आवाज जरा खाली आणायचा — सगळं पाठ आहे. ज्या माणसाची ती गोष्ट आहे, तोसुद्धा खोटीलाच खरी धरून बसला आहे. माझ्या नवऱ्याला खरी माहीत नाही. बहिणीला नाही, जिच्यापासून मी आजवर काहीच लपवलं नाही असं आम्ही दोघी समजतो. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुतेक. ओळखीच्या माणसांसमोर मला अजून माझी अब्रू सांभाळायची असते.

बघा, सुरुवातच लांबण लावून झाली. मी हे असंच करते.

मी कृत्रिम पाय बनवते. म्हणजे — इथेही आधी ‘मी’ आलंच. बनवतात आमच्या वर्कशॉपमधले टेक्निशियन. मी डिग्रीवाली. पेशंट तपासते, माप घेते, आणि शेवटी तो चालायला लागला की त्याच्या शेजारी उभी राहून फोटोत येते. राहते मुलुंडला, नोकरी घाटकोपरला, एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये. वीसेक वर्षं झाली.

आणि दादा. यशवंतदादा, माहुलच्या कोळीवाड्यातले. घरात होडी, जाळी, मासळी. हे एकटेच वडिलांशी वाद घालून प्लास्टरच्या कामाला लागले आणि त्यातच म्हातारे झाले. डिग्री नाही. मी कॉलेजातून नवीकोरी आले तेव्हा माझ्याकडे डिग्री होती, पण हात नव्हता. हात त्यांनी दिला. वयाने माझ्या वडिलांपेक्षा थोडेच लहान, तरी मला पहिल्या दिवसापासून ‘ताई’ आणि ‘तुम्ही’. मी चुकले की मात्र विसरून ‘अगो, असं नाय’ म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

आमचं काम थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाय गुडघ्याखाली कापलेला असला तर उरलेल्या भागावर आम्ही ओला पातळ मोजा चढवतो. त्या मोज्यावर जांभळ्या पेन्सिलीने हाडांच्या खुणा करायच्या — ही पेन्सिल ओल्या कापडावर उमटते. मग त्यावर प्लास्टरची पट्टी गुंडाळायची. पट्टी वाळली की काढायची, तिच्या आत प्लास्टर ओतायचं. झाला त्या पायाचा हुबेहूब साचा तयार. आणि गंमत म्हणजे मोज्यावरची जांभळी खूण पट्टीला लागते, पट्टीवरून साच्यावर येते. टेक्निशियन ती खूण बघून हाडाच्या जागी साच्यावर थोडं प्लास्टर चढवतो, म्हणजे तयार पायात तिथे मोकळी जागा राहते आणि हाड घासत नाही. खूण बोटभर चुकली तर जागा भलतीकडे राहते, हाड घासतं, जखम होते. पेशंट महिना-दोन महिने घरी बसतो.

खूण करण्याची प्रत्येकाची तऱ्हा असते. कुणी नुसता गोल काढतो, कुणी फुली मारतो. मी गोल काढून आत फुली मारते. साचा कुणाचा हे आम्हाला नाव न वाचताच कळतं.

आता परिषद. आमच्या कामातल्या लोकांची एक संघटना आहे, नाव सांगत नाही. वर्षातून एकदा कुठल्यातरी मोठ्या हॉटेलात परिषद व्हायची. डिग्रीवाले भाषणं करायचे. टेक्निशियन आलेच तर सामान उचलायला, नमुने मांडायला आणि जेवताना शेवटच्या टेबलाला. लॉकडाउन आला आणि ते हॉटेल गेलं. पहिल्या वर्षी आम्ही काय केलं असेल? हॉटेलातली परिषद जशीच्या तशी उचलून स्क्रीनवर ठेवली. दीपप्रज्वलनाचा व्हिडिओ, पुष्पगुच्छाचं चित्र, प्रमुख पाहुण्यांची ओळख, ओळख करून देणाऱ्याची ओळख. लोक कॅमेरा बंद करून भाजी निवडत होते. मला कसं माहीत? मीही निवडत होते — मेथी.

त्यानंतर संघटनेच्या समितीच्या बैठकीत मी चिडून बोलले. म्हटलं, यार, आपण हे नव्याने मांडू या ना! स्टेजच नाही तर स्टेजची नाटकं कशाला? कॅमेरा न्या ना वर्कशॉपात. हात दाखवा. प्लास्टर घासताना पंजा कसा धरतात ते हॉटेलातल्या दोनशे खुर्च्यांवरून कधीच दिसलं नसतं, मोबाइलवर दिसेल. आणि ज्याचे हात आहेत त्यालाच बोलू द्या. प्रवास नाही, रजा नाही, टाय नाही — आता तरी टेक्निशियनला बोलवा.

हे मी मनापासून बोलले होते. एवढं एक माझ्या बाजूचं आहे, म्हणून सांगितलं. सांगायला नको होतं, कारण त्याने पुढचं अजूनच वाईट दिसतं.

समितीत कुरकुर झाली. टेक्निशियन काय बोलणार, मराठी-हिंदीत बोलणार, तांत्रिक गोंधळ घालणार. मी म्हटलं, मी होस्ट असते, मी सांभाळते. पहिला टेक्निशियन वक्ता म्हणून मीच दादांचं नाव दिलं. विषय — साचा दुरुस्त करताना होणाऱ्या चुका. वेळ — वीस मिनिटं.

दादा महिनाभर तयारी करत होते. कागदावर लिहून आणायचे, मला वाचून दाखवायला बघायचे, मग ‘नको, त्या दिशीच ऐका’ म्हणून घडी करून खिशात टाकायचे. मीही आग्रह केला नाही. मला कौतुकही वाटत होतं आणि — खरं सांगू? — थोडा कंटाळाही.

रविवार सकाळ. मी मुलुंडला घरी, लॅपटॉपसमोर. दादा माहुलला त्यांच्या घरी. इस्त्रीचा शर्ट, मागे भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर टॉवेलाखाली झाकलेलं काहीतरी. फोन त्यांची सून मनीषा सांभाळत होती. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, लॉकडाउनमध्ये वर्षभर मुलांना फोनवरच शिकवलेली. कॅमेऱ्यात अधूनमधून तिचा हात यायचा. खोलीत आणखी माणसं होती हे आवाजावरून कळत होतं. नंतर कळलं, भाऊ, भावजया, शेजारी, बारा-पंधरा जण दादांचं भाषण ऐकायला येऊन बसले होते.

परिषदेत दीडेकशे माणसं. त्यात आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी. ते सहसा येत नाहीत. त्या दिवशी आले होते, कारण आमच्याकडे विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि दोन नावांत एक माझं होतं.

दादांनी नमस्कार केला. म्हणाले, मी शिकलेला माणूस नाय, मला भाषण येत नाय, म्हणून मी तुम्हाला एक चूक दाखवणार. एका चुकीने एका माणसाचं काय झालं ते सांगणार. आणि टॉवेल बाजूला करून त्यांनी साचा उचलला, कॅमेऱ्यासमोर धरला. गुडघ्याखालचा डावा पाय. बाहेरच्या बाजूला, हाडाच्या जागेपासून बोटभर खाली — जांभळा गोल, आत फुली.

आणि मग दादांचं नेटवर्क गेलं.

असं मी सांगते. नेहमी इथेच थांबते, आणि लोक हसतात, कारण ऑनलाइनवाल्या प्रत्येकाने हे भोगलेलं आहे. त्या दिवशीही मी तेच म्हटलं — दादांचं नेटवर्क गेलेलं दिसतंय, माहुलला रेंजची बोंबच आहे. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, वाट लागली. हसणारे चेहरे आले.

नेटवर्क गेलं नव्हतं. मी त्यांना बाहेर काढलं.

का? त्याच्या तीनेक वर्षं आधीचं एक आहे. चारकोपचे एक सावंत, रिक्षा चालवायचे. त्यांचा साचा मी घेतला होता. पाय बसवल्यावर पंधरा दिवसांत जखम घेऊन आले. मी जखम बघितली आणि मला कळलं — खूण खाली पडली होती. माझी. गोल आणि फुली. आणि मी त्या माणसाला काय सांगितलं? तुम्ही सांगितल्यापेक्षा जास्त चाललात. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, हो मॅडम, जरा जास्तच झालं असेल. दोन महिने त्यांची रिक्षा उभी होती. दादांनी साचा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, ‘मी बघतो त्याचं.’ नवा पाय झाला, बरोबर बसला. आम्ही पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण मला आतून कायम वाटायचं की तो साचा दादांनी कुठेतरी जपून ठेवला आहे.

तर रविवारी सकाळी स्क्रीनवर तो जांभळा गोल दिसला आणि मला वाटलं, हा सावंतांचा साचा. दादा माझं नाव घेणार नाहीत, याची खात्री होती. पण त्या दीडशे माणसांत माझी खूण ओळखणारे चार-पाच तरी होते, आणि सेक्रेटरी ऐकत होते. मी विचार केला नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. केला. विचार करायला फार वेळ लागत नाही. त्यांच्या नावावर गेले, ‘वेटिंग रूममध्ये पाठवा’ असं येतं तिथे दाबलं.

आता मला वाटतं, मी सगळं सांगून मोकळी झाले असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटावं असं वाटतंय. पण ते बटण दाबणं हा काही त्यातला सगळ्यात वाईट भाग नाही. माणूस घाबरतो, हात चुकतो — असं काहीतरी त्याबद्दल म्हणता येईल. पुढच्या चाळीस मिनिटांबद्दल काय म्हणू?

वेटिंग रूम म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेल. बाहेरच्या माणसाला स्क्रीनवर फक्त एक ओळ दिसते — थोडं थांबा, होस्ट तुम्हाला लवकरच आत घेतील. आणि होस्टला बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं नाव दिसतं. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होतं. ‘यशवंतदादा माहुल’. मनीषाने टाकलेलं नाव. त्याच्या शेजारी, ‘आत घ्या’.

मी बोलायला लागले. वक्त्यांचा वेळ रिकामा जाऊ नये म्हणून — दादांच्याच विषयावर. साचा कसा धरायचा, कुठे चढवायचं, कुठे घासायचं, हाताने आधी बघायचं आणि डोळ्याने मग. एकेक वाक्य त्यांनी मला शिकवलेलं. आणि कोपऱ्यात त्यांचं नाव. मधे ते नाव गेलं. माझा जीव भांड्यात पडला. अर्ध्या मिनिटात परत आलं. त्यांनी बाहेर पडून पुन्हा लिंक उघडली होती. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. मी बोलत होते. फोनवर त्यांचा मेसेज आला, ‘ताई आत घेता का, इथे थांबा लिहून येतंय.’ मी फोन उलटा ठेवला.

मी एकदाही दाबलं असतं तर? साचा दाखवून झाला होता, भीती काय ती वाटून गेली होती, नेटवर्क आलं म्हटलं असतं तर सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले असते. पण आत आले की ते त्या चुकीची गोष्ट सांगणार. म्हणून एक माणूस आपल्या घरात, आपल्या बारा-पंधरा माणसांसमोर, इस्त्रीच्या शर्टात, हातात साचा घेऊन चाळीस मिनिटं थांबला, कारण त्याला लिहून आलं होतं की लवकरच आत घेतील. ते लवकरच म्हणजे मी. त्यांची वीस मिनिटं संपल्यावर मी प्रश्नोत्तरं घेतली, आभारप्रदर्शन केलं आणि मीटिंग बंद केली. भाषण छान झालं म्हणून मला चार मेसेज आले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी उचलणार नव्हते, पण उचलला. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, ‘ताई, तुमचा कार्यक्रम बिघडला ना माझ्यामुळे?’ मी म्हटलं, नेटवर्क गेलं दादा, तुम्ही काय करणार. ते म्हणाले, ‘मनीषा म्हणते नेट चालू होतं.’ मी म्हटलं, चालू दिसतं, पण नसतं. असं म्हटलं मी. इतकं सहज, की मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, असेल, असेल.

दुसऱ्या दिवशी सोमवारी ते साचा टॉवेलात गुंडाळून परत घेऊन आले आणि फळीवर ठेवून कामाला लागले. ते चहाला गेले तेव्हा मी तो उतरवला. साच्याच्या तळाला आम्ही खिळ्याने पेशंटचं नाव आणि साल कोरतो. सावंत नव्हतं. कुणी वेगळंच नाव होतं, आणि साल मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे मी शाळेत असतानाचं.

खूण माझी नव्हती. त्यांची होती. गोलात फुली मारायला मला कुणी शिकवलं होतं? मी ती तऱ्हा इतकी वर्षं माझी म्हणून वापरली की ती मुळात कुणाची हे विसरून गेले होते. दादा दीडशे लोकांसमोर स्वतःची चूक सांगायला बसले होते. आपल्या घरच्यांसमोर. मी त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

ते चहा पिऊन आले तेव्हा मी उगाचच विचारलं, सावंतांचा तो जुना साचा कुठे असेल हो? ते म्हणाले, ‘तो? तो त्याच आठवड्यात फोडला मी. ठेवून काय करायचं होतं?’ आणि घासायला लागले.

तेव्हा सांगायला हवं होतं. आम्ही दोघंच होतो. माझ्या विभागप्रमुखपदाचा त्यात काही संबंध उरला नव्हता, भीतीचं कारण उरलं नव्हतं. मग काय अडलं? काही नाही. मी गप्प बसले, कारण गप्प बसणं सोपं होतं.

त्या वर्षी त्यांच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. मी माहुलला गेले, रिफायनरीच्या भिंतीच्या कडेने, पेढे घेऊन. प्रसाद घेताना मनीषा माझ्याजवळ येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, ‘ताई, मी वर्षभर त्याच नेटवर शाळा घेतली. त्या दिवशीही नेट चालू होतं. आम्हाला वेटिंगला टाकलं होतं.’ भांडायच्या सुरात नाही. तिला फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. कारण त्या रविवारपासून घरात सगळे तिलाच बोलत होते — एवढी शिकलेली सून, सासऱ्याचा एक फोन लावता आला नाही. मी तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, अगं, नेटवर्क गेलं की ॲप आपोआप वेटिंगला टाकतं.

तिला माहीत होतं की तसं होत नाही. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. ती आणखी काही बोलणार एवढ्यात दादांनी ऐकलं आणि तिकडून ओरडले, ‘गप गो! ताईला जास्ती कलतं का तुला?’ सगळ्या पाहुण्यांसमोर. मनीषाचे कान लाल झाले. ती उठून आत गेली. मी प्रसाद खाल्ला. दुसऱ्यांदा घेतलासुद्धा, दादांनी आग्रह केला म्हणून.

त्या मुलीने मला नंतर कधी काही विचारलं नाही. भेटली की ‘कशा आहात’ म्हणते. मॅडम म्हणते आता, ताई नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते बाहेरून फार चांगलं दिसतं. परिषदेनंतर समितीने विचारलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं? मी नवी पद्धत लिहून दिली. भाषणं आधीच रेकॉर्ड करून मागवायची. समितीने आधी बघायची. थेट कुणी बोलायचं नाही, प्रश्न लिहून पाठवायचे, निवडक प्रश्नांना होस्ट उत्तर देईल. सगळ्यांना पसंत पडलं. वेळेत संपतं, गडबड नाही, नेटवर्कची भीती नाही. दुसऱ्या संघटनांनी उचललं. मला बोलावणी यायला लागली — ऑनलाइन परिषद कशी घ्यावी यावर बोला. मी प्रत्येक वेळी सुरुवात दादांच्या गोष्टीने करते. नाव घेत नाही. ‘आमचे एक ज्येष्ठ टेक्निशियन’ म्हणते. इस्त्रीचा शर्ट सांगते, टॉवेल सांगते. तिथे लोक हसतात. मला विभागप्रमुख करताना पत्रात या पद्धतीचा उल्लेख होता.

ती पद्धत वाईट आहे का? नसेलही. पण ती मी कशासाठी काढली हे मला माहीत आहे. मीच उघडायला सांगितलेलं दार मी त्या पद्धतीने बंद केलं. रेकॉर्डिंग समितीने आधी बघायचं म्हटलं की कोण पाठवणार? ज्याला इंग्रजीत स्लाइड करता येतात तो. दादांच्यानंतर एकही टेक्निशियन बोललेला नाही.

गेल्या महिन्यात सोलापूरच्या एका बाईंचा अर्ज आला. पंधरा वर्षं प्लास्टरच्या टेबलावर काम केलेल्या. त्यांना रेकॉर्डिंग नको होतं. थेट बोलायचं होतं, टेबलासमोरून, लोकांनी मधेच थांबवून विचारावं म्हणून. माझ्याच जुन्या शब्दांत लिहिलं होतं जवळजवळ — ‘हात दाखवायचे आहेत’. बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण या विषयातली जाणकार मी. मला बोलायला अख्खं एक मिनिट मिळालं. मी दादांची गोष्ट सांगितली. सगळे हसले, अर्ज बाजूला गेला.

आणि गेल्या शनिवारी दादा रिटायर झाले.

वर्कशॉपमध्येच छोटा समारंभ केला. टेबलावर पांढरं कापड घालून प्लास्टरचे डाग झाकले होते. वेफर्स, सामोसे, केक. सेक्रेटरी आले होते. मनीषाही आली होती, मागे भिंतीला टेकून उभी होती. मी विभागप्रमुख म्हणून शाल घातली, चार शब्द बोलले, चांगलं बोलले. मग दादांना बोलायला सांगितलं. ते उठले. खिशात कागद नव्हता. म्हणाले, इथे सगळं मिळालं, कुणाबद्दल तक्रार नाय. एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ताईंनी एवढ्या मोठ्या लोकांत माझं नाव घातलं, आमच्यातल्या कुणाला कधी बोलवत नव्हते तिथे बोलवलं, आणि मी त्यांना तोंडघशी पाडलं. माझ्यामुळे पुढे आमच्या कुणाला बोलवलं नाय. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले, ‘ताई, तेवढी माफी करा.’

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. भिंतीजवळून मनीषाही बघत होती.

मी पुढे गेले, त्यांचे जोडलेले हात माझ्या हातांत घेतले आणि म्हणाले, ‘असू दे हो दादा, मी ते कधीच मनावर घेतलं नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी शालीने डोळे पुसले. त्यांना बरं वाटलं. मी त्यांना माफ केलं होतं.